होडीच्या कर्जात आधी जॅकेट

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी हवा भरायच्या होडीसाठी कर्ज मागितलं. त्यांचे मालक उजनीच्या फुगवट्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून चिलापी, कटला धरतात. ताई म्हणाल्या, "ते घरी येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही."

होडीतलं आम्हाला काय कळतंय? पण पैसा गटाचा आणि जीव घरच्या माणसाचा. म्हणून चार ठिकाणी चौकशी केली. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

ट्यूबला एकच कप्पा असतो. बाभळीचा काटा लागला की सगळी हवा जाते. चांगल्या होडीला हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात, काठ गाठता येतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, "कप्पे किती?" तीन असतील तर उत्तम. पोरांच्या खेळण्यासारखी पातळ होडी स्वस्त मिळते, ती घेऊ नका. जाड पीव्हीसीची, सांधे पक्के असलेली बघा.

दुसरा प्रश्न वजनाचा. होडीवर किती किलो चालतील ते लिहिलेलं असतं. माणसं, ओलं जाळं, मासळीचा क्रेट, सगळ्याची बेरीज करा. ओलं जाळं कोरड्यापेक्षा किती जड होतं ते आपल्याला माहीतच आहे. बेरीज त्या आकड्याच्या बरीच खाली राहिली पाहिजे.

आता होडीत काय काय हवं? वल्ह्यांची जोडी, हातपंप, पाणी उपसायला डबा आणि दुरुस्तीचं सामान. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते टिकत नाही. होडीसोबतचंच ठिगळ आणि गोंद ठेवा. लोखंडी आकड्याचा नांगर नको, होडीलाच टोचेल. जाड पोत्यात वाळू भरून तोंड घट्ट बांधा. पाणी जितकं खोल, त्याच्या तिप्पट दोरी घ्या. चिलापीच्या पाठीचे काटे सुईसारखे असतात, म्हणून क्रेटखाली जाड ताडपत्री अंथरा. गळ आणि सुरी झाकणाच्या डब्यात ठेवा.

आपल्या सोलापूरच्या उन्हाचंही ध्यानात ठेवा. उन्हाने आतली हवा फुगते. सकाळी गच्च भरलेली होडी दुपारी काठावर तापली तर सांधे उसवतात. काठावर आणली की थोडी हवा सोडा आणि सावलीत ठेवा. पाण्यात गेल्यावर ती गार होऊन सैल पडते, तेव्हा पुन्हा दोन-चार पंप मारा. नवी होडी आणली की रात्रभर फुगवून ठेवा. सकाळी सैल वाटली तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती आहे.

पण एक गोष्ट होडीच्या हातात नाही. ती म्हणजे वारा. हवेची होडी हलकी, वाऱ्याने चटकन लोटली जाते. 21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरलं की जाळं पाण्यात असलं तरी राहू द्या, काठ धरा. जाळं दुसरं घेता येईल.

आणि जॅकेट! ते अंगात घालून पट्टे आवळलेले असले तरच उपयोगाचं. बुडाखाली घेऊन बसलेलं जॅकेट होडी उलटली की हाताला लागत नाही. किती किलोच्या माणसासाठी आहे ते त्यावर वाचून घ्या. पोहता येणाऱ्यांनीही घालायचं.

कर्ज काढण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. कोणती होडी त्यात बसते ते खरेदीआधी विचारा.

आमच्या गटाने ताईंचं कर्ज मंजूर केलं, पण एका अटीवर. आधी दोन जॅकेटची पावती दाखवायची, मग होडीचे पैसे. मालक थोडे कुरकुरले. ताई मात्र दुसऱ्याच दिवशी पावती घेऊन आल्या.