तीन बाइटचा 'म'

'मराठी' हा शब्द इंटरनेटवरून जातो, तेव्हा त्याचे १५ बाइट होतात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी ही पाच चिन्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एकटा 'म' २२४, १६४, १७४ अशा तीन आकड्यांनी बनतो. इंग्रजी अक्षराचे काम एका बाइटात भागते. म्हणूनच इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्राम बिनचूक वाटतो आणि मराठी पानाशी गाठ पडली की कोलमडतो.

हे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे, ते सर्व्हरने हेडरमध्ये सांगायचे असते. पुष्कळ सर्व्हर सांगत नाहीत. १९९९च्या एचटीटीपी मानकाने अशा मजकुरासाठी पश्चिम युरोपीय भाषांची आयएसओ-८८५९-१ पद्धत गृहीत धरली होती. २०१४मध्ये मानकातून ते गृहीतक गेले, पण पायथनच्या लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत ते टिकून राहिले. त्या पद्धतीत प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर. मग 'म'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए', चलनाचे चिन्ह आणि वर्तुळातला 'आर' उमटतो. प्रोग्राम तक्रारही करत नाही. मूळ बाइट मात्र शाबूत असतात. वाचण्याआधी यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगितले की मराठी परत येते.

दुसरी चूक अधिक घातक आहे. मोठा मजकूर एकदम मेमरीत न घेता तुकड्यातुकड्याने उतरवतात. तुकड्याचे माप सहसा १०२४ किंवा ८१९२ बाइट, म्हणजे दोनचा कुठलातरी घात. दोनच्या कोणत्याही घाताला तीनने पूर्ण भाग जात नाही! सलग देवनागरीच्या १०२४ बाइटांत ३४१ चिन्हे बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एक बाइट लोंबकळत राहतो. प्रत्येक तुकडा सुटा वाचला, तर तिथे प्रोग्राम थांबतो, नाहीतर चौकटीतले प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातो. तसे केले की मूळ बाइट कायमचे गेले. खऱ्या मजकुरात मधली जागा आणि स्वल्पविराम एकेका बाइटचे असतात, त्यामुळे काप कधी नेमका सांध्यावर पडतो, कधी चिन्हाच्या पोटात. अशी अधूनमधून उद्भवणारी चूक शोधताना प्रोग्रामरचा जीव मेटाकुटीला येतो.

तोडगा यूटीएफ-८च्या रचनेतच आहे, आणि ती रचना मला फार सुंदर वाटते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये ती आखली. चिन्हाचा पहिला बाइटच सांगतो की एकूण किती बाइट यायचे आहेत. मागून येणारे नेहमी १२८ ते १९१ यांमधले. त्यामुळे टप्प्याटप्प्याने वाचणारा डीकोडर अपुरे बाइट राखून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्येही तो तयार मिळतो. मजकूर संपल्याचे त्याला शेवटी कळवावे, म्हणजे अर्धवट राहिलेले डाउनलोड उघडे पडते. फाइल नुसती साठवायची असेल, तर बाइट जसेच्या तसे लिहावेत, वाचण्याच्या भानगडीत पडूच नये.

चाचणी घेताना तुकडा मुद्दाम एका बाइटचा ठेवावा आणि मजकूर जोडाक्षरांनी भरलेला असावा. 'क्षत्रिय', 'ज्ञानेश्वर', 'तुर्‍हाटी' धडपणे बाहेर आले, तर ८१९२ची काळजी नाही.