शर्यतीचा बैल, कामाचा बैल

जुलै 2011मध्ये केंद्र सरकारने खेळ आणि प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला आणि महाराष्ट्रातला बैलगाडा शर्यतींचा वाद पेटला. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शर्यतींना मान्यता देत त्यावर पडदा टाकला. या बारा वर्षांकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट खटकते. बैलाला काय वाटते, या प्रश्नाने सुरू झालेली चर्चा बैल किती पळू शकतो इथवर घसरली. आणि ज्या बैलांनी शर्यतीचे मैदान कधी पाहिलेच नाही, ते या चर्चेत आलेच नाहीत.

सुरुवात मात्र दमदार होती. 7 मे 2014च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली, ती बैलाच्या वेदनेबरोबर त्याच्या भीतीचाही विचार करून. बैल हौसेने धावत नाही, भेदरून पळतो, असे न्यायालयाला दिसले. जनावराला मन असते ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जू जिथे घासते त्या खांद्याला हळद-तूप चोळले जाते आणि बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हटले जाते. हे ज्याने केले त्याला खांद्याची आग मान्यच होती. विज्ञानाने या समजुतीला मोजमापाची जोड दिली. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2002मध्ये दाखवले की अन्न समोर असून मिळाले नाही की गाईच्या डोळ्यांतला पांढरा भाग जास्त दिसू लागतो.

मग शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून 2017मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर समिती नेमली गेली, अहवाल आला, आणि डिसेंबर 2021मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली. पण क्षमता आणि इच्छा एक नव्हेत. पाय बळकट आहेत म्हणून मनही राजी आहे, हे सिद्ध होत नाही. शर्यतींमुळेच खिल्लार ही बैलांची जात टिकली, असा दावा केला जातो. त्यात तथ्य आहे. ज्याला भाव नाही असे जनावर कोण पोसणार? पण जात टिकणे आणि त्या जातीतल्या एकेका बैलाचे हाल टळणे या दोन गोष्टी आहेत. नियमांनी चाबूक बंद केला आहे, अंतर 1000 मीटरपर्यंत आणले आहे. ते खरोखर पाळले तर खिल्लारही राहील आणि बैलही.

खरा प्रश्न कामाच्या, म्हणजे ऊस वाहणाऱ्या बैलाचा. सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणाऱ्या तामलवाडीच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पारा सहज 37 अंशांच्या वर जातो. 1965चे केंद्रीय नियम सांगतात की तापमान 37च्या पुढे असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर गाडीला जुंपू नये, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, टोकदार आर वापरू नये. हे किती जणांना ठाऊक आहे? शर्यतीचे नियम मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. यावर म्हटले जाईल की ऊसतोड मजुरावर आणखी ओझे नको, पोट त्याच गाडीवर आहे. हे बरोबर आहे, म्हणूनच जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकू नये. जास्त खेपा करायला आणि जास्त टन वाहायला मजुराला भाग पाडतो तो उचलीचा (आगाऊ रकमेचा) आणि दराचा हिशेब, आणि उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावरून जाते. ओझ्याचा पुरावा रोज पावतीवर छापला जातो. तो आकडा बैलाच्या आकारानुसार ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायला आणि जादा भाराचा दंड कारखान्याला लावायला नवा कायदा लागणार नाही, अशी तरतूद नियमांतूनच करता येईल. हक्क कोणाला आहेत याचा निकाल न्यायालये लावत राहतील. तोवर काट्यावरचा बैल थांबलेला आहे.