व्हिसा मिळाला म्हणजे नागरिकत्व मिळाले असे नाही

ऑस्ट्रेलियात शिकायला जाणे, तिथे नोकरीला राहणे, कायम राहण्याची परवानगी (पीआर) मिळवणे आणि तिथला नागरिक होणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, फी वेगळी, अटी वेगळ्या. एक मिळाली म्हणून पुढची मिळेलच, असेही नाही. आपल्या तुमसरात मात्र बोलताना या चारही गोष्टी एकत्र होतात आणि ‘पोरगा ऑस्ट्रेलियात सेटल झाला’ एवढ्यावर विषय संपतो. धानाची शेती, राइस मिल किंवा खाणीतल्या पगारावर चालणारे घर मुलाला किंवा मुलीला इतक्या लांब पाठवायचे ठरवते, तेव्हा ते आयुष्यभराची पुंजी पणाला लावते. म्हणून सगळ्यात जास्त ऐकू येणारे गैरसमज इथे एकेक करून तपासू. आकडे आणि नियम २०२५ मधले आहेत. ते दरवर्षी, बहुधा १ जुलैला, बदलतात. अर्जाच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे, तेच खरे मानावे.

‘तिकडे शिकायला गेला की पीआर पक्का.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. विद्यार्थी व्हिसा, म्हणजे सबक्लास ५००, हा शिक्षणापुरता तात्पुरता व्हिसा आहे. १ जुलै २०२५ पासून त्याच्या अर्जाचीच फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. शिक्षण संपल्यावर काही काळ काम करण्यासाठी पदवीधरांचा वेगळा व्हिसा असतो. त्याची वयोमर्यादा जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी ३५ वर्षांवर आणली आहे. त्यानंतर कायम राहायचे असेल तर गुणांच्या यादीत नाहीतर नोकरी देणाऱ्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो. कॉलेजचे प्रवेशपत्र हातात आले, तेव्हा यातले काहीच ठरलेले नसते.

याला जोडून दुसरा समज येतो: पार्टटाइम काम करून फी निघते. हिशोब करून पाहू. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते. किमान वेतन जुलै २०२५ पासून तासाला २४.९५ डॉलर आहे. वर्षभर एकही आठवडा न चुकता तेवढे तास काम मिळाले, तर कर कापण्याआधी ३१,००० डॉलरच्या आसपास हाती येतात. सुट्टीत जास्त काम करायची मुभा आहे, त्यामुळे थोडे वर मिळू शकते. पण एका वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी किमान २९,७१० डॉलर आहेत, हे ऑस्ट्रेलिया व्हिसाच्या वेळीच दाखवायला लावते. म्हणजे उत्तम चालले तर पोट भागेल. विद्यापीठाची फी त्यातून निघणार नाही. कर्जाचे हप्ते मुलगा तिकडून भरेल, या भरवशावर शेत गहाण टाकण्याआधी हा हिशोब घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा कागदावर मांडावा.

आता गुणांचे. ‘६५ गुण झाले की पीआर’ असे सर्रास सांगितले जाते. ६५ हा रांगेत उभे राहण्याचा किमान आकडा आहे. तेवढे गुण असतील तर आपली माहिती नोंदवता येते. आमंत्रण आले तरच व्हिसाचा अर्ज करता येतो, आणि बऱ्याच व्यवसायांत आमंत्रणे ६५ च्या बरीच वर थांबतात. एक उदाहरण घेऊ. २६ वर्षांचा अविवाहित अभियंता आहे. वयाचे ३०, पदवीचे १५, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत ७ मिळाले तर १०, जोडीदार नसल्याचे १०, झाले ६५. भारतात पदवीनंतर आपल्याच क्षेत्रात तीन वर्षे नोकरी झाली असेल तर आणखी ५. इंग्रजीत चारही विभागांत ८ आणले तर १० च्या जागी २० मिळतात. वयाचे गुण ३३ व्या वर्षापासून कमी होत जातात आणि ४५ पूर्ण झाल्यावर या मार्गाचे आमंत्रणच मिळत नाही. पाच वर्षे थांबून मग बघू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

‘मराठी माध्यमातून शिकलेल्याचे तिकडे काही होत नाही’ हे तर मुळातच खोटे आहे. दहावी कोणत्या माध्यमातून केली, हे कोणी विचारत नाही. इंग्रजीच्या परीक्षेत किती गुण आले, ते विचारतात. उलट मराठीचे वेगळे गुण मिळतात, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते. नाटी ही ऑस्ट्रेलियाची भाषांतर आणि दुभाषी कामाचे प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. तिच्या सीसीएल परीक्षेत मराठी आहे. एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि आपण दोघांच्या मधे बसून इकडचे तिकडे सांगायचे. दवाखाना, बँक, कोर्ट, शाळा असे विषय असतात. परीक्षा उत्तीर्ण झाली की गुणांच्या यादीत ५ गुण वाढतात. इंग्रजीचा स्कोअर ७ वरून ८ वर नेण्यात महिने जातात. मराठीत वाढलेल्या मुलाने हे ५ गुण सोडू नयेत. घरी झाडीबोली बोलणाऱ्यांनी मात्र प्रमाण मराठीतले आरोग्य आणि कायद्याचे शब्द आधी चांगले घोटून घ्यावेत.

तिकडे फक्त आयटीवालेच जातात, असेही म्हणतात. व्यवसायांच्या याद्यांमध्ये वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि नर्स हे सगळे आहेत. आयटीआयच्या मुलांना तिथे मागणी आहे, पण ‘आपला दाखला आहेच’ म्हणून चालत नाही. कौशल्य तिथल्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. कारागिरांसाठी बहुतेक वेळा टीआरए, अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया. इलेक्ट्रिशियनला त्यावर राज्याचे लायसन्स लागते, नर्सला नोंदणी.

खाणीतल्या घरांसाठी इथे थोडे थांबून सांगायला हवे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉइलच्या मॅंगनीज खाणी आहेत. ऑस्ट्रेलियातही, नॉर्दर्न टेरिटरीच्या ग्रूट आयलंट बेटावर, जगातल्या मोठ्या मॅंगनीज खाणींपैकी एक आहे. धातू एकच, म्हणून इथला अनुभव तिथे थेट चालेल असे वाटणे साहजिक आहे. अनुभवाला किंमत आहेच. पण धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मॅनेजरचे सर्टिफिकेट तिथे जसेच्या तसे लागू होत नाही. खाणीतल्या कायदेशीर जबाबदारीच्या पदांचे नियम तिथे प्रत्येक राज्याचे आपापले आहेत. खाण अभियंत्याची पदवी अभियांत्रिकी पदव्या परस्पर मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात बसणारी नसेल, तर स्वतः केलेल्या कामाचे तीन प्रसंग सविस्तर लिहून द्यावे लागतात. भारताची पदवी या करारात २०१४ पासून आली, तीही एनबीए या भारतीय मान्यता मंडळाने टियर-१ मध्ये मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांपुरती. हे प्रसंग विकत मिळतात, आणि विकत घेतलेले पकडले जातात. आपण काय केले, ते आपणच लिहावे.

विकत घेण्याचा विषय निघाला म्हणून एजंटांबद्दल. ‘आमची एम्बसीत ओळख आहे’, ‘पीआरची गॅरंटी’ असे जो म्हणतो, त्याच्यापासून उठून यावे. व्हिसा देणे न देणे केवळ ऑस्ट्रेलियन सरकारच्या हातात आहे. अर्जाच्या कामात मदत करणारे व्हीएफएसचे केंद्र निर्णय घेत नाही, एजंटही घेत नाही. ऑस्ट्रेलियात बसून व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याची तिथल्या मारा या यंत्रणेकडे नोंदणी असावी लागते किंवा तो वकील असावा लागतो. नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारी यादीत पाहा. भारतात बसलेल्या एजंटावर ती सक्ती नाही, म्हणून इथे जास्त जपावे लागते. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणारा एजंट असेल तर परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यादीत त्याचे नाव हवे. व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, तो संगणकावरच असतो. कोणी मंजुरीचे पत्र दाखवले तर व्हेवो या सरकारी सेवेत ते स्वतः तपासता येते. आणि अनुभवाचा खोटा दाखला एजंटाने लावला तरी भोगावे अर्जदारालाच लागते. खोट्या माहितीबद्दल तीन वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो, ओळखच खोटी निघाली तर दहा वर्षे.

पीआर आणि नागरिकत्व यांतला गोंधळ सुशिक्षित घरांतही आहे. पीआर म्हणजे कायम राहण्याची परवानगी. तिच्यासोबत देशात ये-जा करण्याची सोय बहुधा पाच वर्षांची असते. पाच वर्षांनंतर माणूस ऑस्ट्रेलियातच असेल तर परवानगी संपत नाही. बाहेर पडून परत यायचे असेल तर मात्र रिटर्न व्हिसा लागतो. आपल्याकडे वडिलांच्या आजारपणासाठी आलेल्या मुलाने ही तारीख न पाहता तिकीट काढले, तर परतीच्या विमानात त्याला बसू देत नाहीत.

नागरिकत्वासाठी पीआरनंतर चार वर्षे थांबावे लागते, हाही अर्धाच बरोबर समज. अर्जाआधीची सलग चार वर्षे वैध व्हिसावर ऑस्ट्रेलियात काढलेली हवीत आणि त्यातले शेवटचे वर्ष पीआरवर. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावरचा काळ त्यात धरला जातो. अट दुसरीकडे कडक आहे: चार वर्षांत मिळून बारा महिन्यांहून जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहता येत नाही. लग्नसराई, दिवाळी, घरातले दुखणे, सगळे धरून हे दिवस मोजावे लागतात. मग परीक्षा येते. वीस प्रश्न, ७५ टक्के उत्तीर्णतेला. नोव्हेंबर २०२० पासून त्यातले पाच प्रश्न ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे आहेत आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. अभ्यासाची पुस्तिका सरकारच फुकट देते. साठी ओलांडलेल्यांना परीक्षा नाही. अर्ज मंजूर झाला तरी समारंभात शपथ घेईपर्यंत माणूस सहसा नागरिक होत नाही. झाल्यावर मतदान सक्तीचे असते, आणि कारणाशिवाय चुकवले तर दंड होतो.

बाळाचा जन्म तिकडे झाला की बाळ ऑस्ट्रेलियन, हे १९८६ पर्यंत जवळपास खरे होते. २० ऑगस्ट १९८६ पासून आई किंवा वडील जन्माच्या वेळी नागरिक किंवा पीआरधारक असले तरच बाळ जन्मतः नागरिक ठरते. नाहीतर तिथेच राहून दहा वर्षांचे झाल्यावर.

आता आपल्या गावाला सर्वांत जवळचा प्रश्न. ‘दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ऑस्ट्रेलिया दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, भारत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. नागपूर कार्यालयाने दिलेला निळा पासपोर्ट जमा करावा लागतो. तो वापरत राहणे हा गुन्हा आहे. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येते. ते नागरिकत्व नाही. आयुष्यभर येता-जाता येते, राहता येते, बहुतेक नोकऱ्या करता येतात, पण मतदान आणि निवडणूक नाही. परतीचे दोर मात्र कापले जात नाहीत. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद झालेली असेल आणि अर्जाआधी भारतात बारा महिने राहिले असेल तर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

‘नागरिकत्व घेतले की सातबाऱ्यावरून नाव जाते’ ही भीती मी सर्वांत जास्त ऐकतो. वारसाहक्काने आलेली बांधी ओसीआयधारकालाही ठेवता येते. वडिलांच्या पश्चात फेरफार होऊन नाव चढू शकते. ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. खरी अडचण वेगळी आहे, आणि ती नागरिकत्वाआधीच सुरू होते. परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला, म्हणजे अजून भारतीय पासपोर्ट असलेल्यालाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. मुलगा तिकडे गेल्यावर ‘जिवंतपणीच शेत त्याच्या नावे करून टाकू’ म्हणणाऱ्या वडिलांनी नोंदणी कार्यालयात जाण्याआधी वकिलाला विचारावे. घर किंवा फ्लॅट घ्यायला मनाई नाही. मताचेही असेच. नुसता पीआर असलेला माणूस अनिवासी मतदार म्हणून फॉर्म ६ए भरू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः इथे यावे लागते.

शेवटचा गैरसमज आई-वडिलांचा: मुलगा नागरिक झाला की आम्हाला बोलावून घेईल. बोलावून घेतो, पण फिरायला. कायमसाठी आधी अपत्यांचा हिशोब लागतो: निम्मी तरी मुले ऑस्ट्रेलियात कायम राहणारी हवीत, नाहीतर दुसऱ्या कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. एक मुलगा मेलबर्नला आणि एक मुलगी भंडाऱ्याला असेल तर अट पूर्ण होते. मेलबर्नच्या मुलाखेरीज दोन मुली इकडे असतील तर होत नाही. अट पूर्ण झाली तरी साध्या पालक व्हिसाची रांग ३० वर्षांहून लांब आहे. साठीतल्या माणसाला हे सांगणे जड जाते, पण सांगायला हवे. पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसाला माणशी ४०,००० डॉलरहून जास्त लागतात आणि त्याचीही रांग दहा वर्षांपलीकडे गेली आहे. अपत्यांच्या हिशोबाची अट नसलेला एक मार्ग म्हणजे सबक्लास ८७०. त्यावर एका वेळी पाच आणि एकूण दहा वर्षे राहता येते, काम करता येत नाही. भारताशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा करार नाही, म्हणून तिथली सरकारी मेडिकेअर सेवा या पालकांना लागू नाही. आरोग्य विमा आपल्या खर्चाने घ्यावा लागतो, आणि आधीच्या बीपी-शुगरवर त्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे विमा घेण्याआधी लेखी विचारून ठेवावे.