पंचेचाळीस अंश कोणाचे?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सेल्सियसपर्यंत चढला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली. मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्णता’ हे कारण सहसा लिहिले जात नाही. हृदय, मूत्रपिंड असे काहीतरी लिहिलेले असते. पुढे संशोधकांनी २००९ आणि २०११ या वर्षांच्या मे महिन्यांतील सरासरीशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले.

असे का व्हावे? आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर शरीरातील उष्णता हवेत जाते. हवा जास्त तापली की उष्णता उलट शरीरात येऊ लागते. मग घामाचाच काय तो आधार उरतो. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी पोटात पाणी हवे, आणि रात्री शरीराला उसंत हवी. शहरात नेमकी हीच उसंत मिळत नाही, कारण दिवसभर तापलेल्या भिंती व डांबरी रस्ते रात्री उष्णता बाहेर टाकत राहतात.

विद्यार्थी मित्रहो, येथपर्यंत पदार्थविज्ञान झाले. आता थोडे नागरिकशास्त्र. तापमान मोजणारे हवामान खाते केंद्र सरकारचे, कारण आपल्या राज्यघटनेने तो विषय केंद्राच्या सूचीत ठेवला आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्याच्या सूचीत आहेत. वीज दोघांच्या सामाईक सूचीत आहे. नळाचे पाणी, बगीचे आणि मृत्यूंची नोंदवही महापालिकेकडे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी अठरा विषयांची यादी केली खरी, पण त्यांतले किती अधिकार प्रत्यक्ष द्यायचे हे राज्य ठरवते. ऊन मात्र या सूच्या वाचून पडत नाही!

अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृतियोजना आखली. ती दक्षिण आशियातील अशी पहिली योजना मानली जाते. मला तिच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती इशाऱ्याच्या तापमानाची. ४१ अंशांच्या पुढे पिवळा इशारा, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ अंशांपासून तांबडा. हे आकडे आले कोठून? केंद्राच्या वेधशाळेकडे तापमानाच्या नोंदी होत्या, पण त्या दिवशी किती माणसे दगावली हे तिला ठाऊक नव्हते. पालिकेकडे मृत्यूंची वही होती, तापमापक नव्हता. दोन्ही नोंदी एका आलेखावर मांडल्यावर मृत्यूंची रेषा कोठे वर वळते ते दिसले. एकट्याला ती सीमा काढता आली नसती.

आता वेधशाळेचा अंदाज पालिकेतील एका नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तो रुग्णालये, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा यांना कळवतो. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार या योजनेमुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत. अंदाजच तो, न झालेला मृत्यू मोजणे कठीण असते.

काही उपाय तर अगदी साधे होते. शारदाबेन रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. याला कोणत्याही सूचीची अडचण आली नाही.

छपरांचे काम त्याहून किचकट. पांढरे छप्पर सूर्यप्रकाश परत फेकते, म्हणून घर कमी तापते. २०१७ मध्ये अहमदाबादच्या वस्त्यांत पत्र्यांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम झाला. पण रंग उन्हापावसात विटतो. नव्या इमारतींचे छत मुळातच तसे बांधायचे तर बांधकामाचे नियम बदलावे लागतात, आणि त्यांना मंजुरी राज्याची लागते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सर्व राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या नागपुरानेही अशी योजना केली. मात्र अहमदाबादचे आकडे रत्नागिरीला लावून चालणार नाही. किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम सुकत नाही. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशात किमान ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांनाच. दिल्लीहून एवढे सांगता येते. रत्नागिरीत नेमक्या कितव्या अंशाला माणसे आजारी पडू लागतात, ते रत्नागिरीच्याच नोंदवहीत पाहावे लागेल.