गाणे आपले, मालकी कोणाची?

एप्रिल उजाडला की यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेडच्या वस्त्यांमध्ये निळे झेंडे लागतात आणि जयंती मंडळांच्या बैठका सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला. यंदा डीजे कोणता? वर्गणीचा मोठा वाटा त्या एका रात्रीत उडून जातो. त्याच वस्त्यांमध्ये गिटार वाजविणारी, स्वतः गाणी लिहून चाली बांधणारी पोरे आहेत. त्यांना आम्ही अर्धा तास मंच देतो, तोही पाहुणे येईपर्यंत. त्यांनी स्वतःच्या बँडचा अल्बम काढतो म्हटले, तर 'कोण ऐकणार?' असे विचारणारेही आम्हीच!

आंबेडकरी चळवळ गाण्यावर वाढली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) आयुष्यभराची पायपीट, नागपूरच्या नागोराव पाटणकरांची कव्वाली हा आमचा वारसा आहे. पुढे कॅसेट आली. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तकांसोबत कॅसेटही असे. गाणे खेड्यापाड्यांत पोचले खरे, पण एकरकमी मानधन देऊन सही घेण्याची रीत त्या धंद्यात सर्रास होती. कॅसेट कितीही खपो, लिहिणाऱ्याच्या घरात पुन्हा पैसा येत नसे. शेतात राबणाऱ्याचा माल आणि भाव ठरविणारा दुसराच! कापसाच्या यवतमाळला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आज वाद्ये बदलली आहेत. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने रॉकच्या बाजात बुद्ध-भीमाची गाणी गायिली. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला. वस्तीतील गाना संगीत, रॉक आणि रॅप त्यांनी एकत्र आणले. गिटार परकी म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जलशातली पेटीही युरोपातूनच आली होती.

अल्बम काढणे आता केवळ मोठ्या कंपनीचे काम राहिलेले नाही. चांगला सराव झाल्यावर ठोक्यांच्या ठरावीक गतीवर आधी ड्रम किंवा ढोलकी, मग बेस, गिटार आणि शेवटी आवाज, असे एकेक रेकॉर्ड करता येते. ड्रमसाठी एक दिवस स्टुडिओ भाड्याने घ्यावा. बाकी काम लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्यापैकी माइकवर घरच्या खोलीत होते. भिंतींना गोधड्या टांगल्या की घुमारा कमी होतो. मिक्सिंगला मात्र जाणता कान हवा. शब्द ढोलकीखाली दबले तर विचार कसा पोचणार? तिथे पैसा वाचवू नये.

त्याहून मोठे काम कागदाचे आहे. गीतकार कोण, चाल कोणाची, कोणी काय वाजविले आणि मूळ रेकॉर्डिंगची मालकी कोणाकडे, हे रेकॉर्डिंगच्या आधीच लिहून सह्या कराव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराने हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी रॉयल्टीतील त्याचा समान वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. ज्यांच्या बापाने संविधान लिहिले, त्या पोरांनी न वाचता कागदावर सही का करावी?

मंडळांना आमचे एवढेच सांगणे आहे. यंदा डीजेची एक रात्र कमी करा. तो पैसा वस्तीतील एखाद्या बँडच्या रेकॉर्डिंगला द्या आणि बदल्यात मालकी मागू नका. पुढच्या चौदा एप्रिलला मिरवणुकीत तेच गाणे वाजवा, लिहिणाऱ्या पोराचे किंवा पोरीचे नाव माइकवरून घेऊन.

जयभीम!