माती आपली, भट्टी कोणाची?

इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून निकेलच्या कच्च्या खनिजाची निर्यात पुन्हा बंद केली. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचमंडळाचा निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. त्यावर अपील झाले. पण अपिले ऐकणारे पीठच २०१९ च्या अखेरीपासून ठप्प असल्याने निकाल अधांतरी राहिला. मुक्त व्यापाराची जपमाळ ओढणाऱ्यांना ही बंदी म्हणजे अरेरावी वाटली. आम्हांस ती तशी वाटत नाही. ज्या राष्ट्रांनी आपले कारखाने जकातीच्या भिंतीआड वाढविले, त्यांनीच इतरांना दारे उघडी ठेवण्याचा उपदेश करावा, हा न्याय मोठा विचित्र आहे!

बंदीचे फळ दिसले, हे नाकारता येणार नाही. सुलावेसी बेटावर मोरोवाली येथे भट्ट्या पेटल्या आणि जगातील निम्म्याहून अधिक निकेल आज या एका देशातून निघते. परंतु तेथील भांडवल व तंत्र बव्हंशी चिनी, वीज कोळशाची, आणि डिसेंबर २०२३ मध्ये भट्टीच्या स्फोटात प्राणास मुकलेले बहुतेक कामगार मात्र इंडोनेशियाचे. भट्टी घरात आली खरी. किल्ली परक्याच्याच कमरेला राहिली.

गोमंतकाने तर भट्टीचाही हट्ट धरला नाही. पोर्तुगीज अमदानीत, पन्नाशीच्या दशकात, येथील लोहखनिज मुरगावहून जपानला जाऊ लागले. १९६१ साली झेंडा बदलला. बोटींची दिशा बदलली नाही. पुढे मोठे गिऱ्हाईक चीन झाला, एवढेच. कमी प्रतीचे खनिज देशी कारखान्यांना नको असते, हा खाणमालकांचा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. पण आमोण्याच्या कारखान्यासारखे अपवाद सोडता, ते येथेच उपयोगात आणण्याची उमेद कोणी धरली? सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा बार्जवाले, ट्रकवाले यांच्या हाती दुसरा धंदा नव्हता.

केंद्राने मे २०२२ मध्ये लोहखनिजावरील निर्यातकर ५० टक्क्यांवर नेला आणि नोव्हेंबरात माघार घेतली. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावर तो शून्यच झाला. गोव्यातील पुष्कळसा माल याच प्रतीचा. सहा महिन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या धोरणाच्या भरवशावर भट्टी कोण उभारील? लिलावात दिलेल्या नव्या खाणपट्ट्यांतील खनिजापैकी किती येथे वितळणार आणि किती बोटीत चढणार, याचे उत्तर सरकारने विधानसभेच्या पटलावर ठेवावे, अशी आमची मागणी आहे.