बारीक माणसाच्या अंगातही चरबी असते, ती मोजायची कशी?

माझे खालू गेली वीस वर्षे एकाच नंबरची जीन्स घालतात, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. उंची ५ फूट ५ इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर. वजन ६६ किलो. हातपाय काटकुळे. दावतीत कोणी जाडजूड माणूस दुसऱ्यांदा बिर्याणी घ्यायला लागला की खालू आमच्याकडे बघून हळूच हसणार. मागच्या वर्षी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती महिनाभर भरेना. तपासणी केली तर साखर निघाली, आणि ती काही कालपरवाची नव्हती. घरात सगळ्यांचा एकच सवाल: हे तर जाड नाहीत, मग यांना शुगर कशी?

या सवालाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यात शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण यंत्राने चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, चरबी दुपटीहून जास्त.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं वजनाने, उंचीने, पोटाच्या घेराने लहान. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून जाडी मोजली, तर त्यात तेवढा फरक नव्हता. म्हणजे स्नायू कमी पडले होते, चरबी मात्र बरीचशी टिकून होती. ‘बारीक पण चरबीवाला’ हा आपला सांगाडा जन्मापासूनचा आहे, असं हे काम सांगतं.

आता बीएमआयचं बघू. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, आणि वजनाला त्याने भागा. हा हिशोब एकोणिसाव्या शतकातले बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांचा. बीएमआय हे नाव १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिलं. केतले यांना एका माणसाची तब्येत तपासायची नव्हती, मोठ्या लोकसंख्येचा ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. त्यामुळे रोज पोती उचलणारा हमाल आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेला दुकानदार, दोघांचं वजन-उंची सारखी असली की बीएमआय दोघांना एकच आकडा देतो. खालूंचा बीएमआय येतो २४.२. जगभर चालणारी २५ ची रेघ लावली तर ते पास. पण भारतीय डॉक्टरांनी २००९ साली आपल्यासाठी वेगळी रेघ ठरवली: २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्या रेघेवर खालू नापास.

मग टेप आणली. उल्हासनगरचा जीन्सचा धंदा देशभर माहीत आहे, आणि विठ्ठलवाडीत टेप मागायला लांब जावं लागत नाही, शेजारी शिलाई मशीन असतेच. पण इथेच गडबड होते. टेलर मास्तरची कंबर वेगळी आणि डॉक्टरची कंबर वेगळी. जीन्स बसते पोटाच्या खाली, आणि पोट वाढलं की ती आणखी खाली सरकते. म्हणून नंबर वीस वर्षे तोच राहतो! खालूंची जीन्स ३४ नंबरची, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. बेंबीवरून टेप फिरवली तर भरले ९२.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे, फक्त दर वेळी तीच पाहिजे. सकाळी, नाश्त्याआधी. कुर्ता वर करून टेप अंगावर लावा, कपड्यावरून नको. बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड हाताने चाचपा, त्यांच्या मधोमध टेप धरा. बहुतेकांच्या बाबतीत ही जागा बेंबीच्या आसपास येते. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, कातडीत रुतलेली नको. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढून फसवाल कोणाला? आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर (साधारण साडेपस्तीस इंच) आणि बायांसाठी ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) ही धोक्याची रेघ आहे. आकडे लक्षात राहत नसतील तर उंचीइतकी दोरी घ्या, तिची मधोमध घडी घाला आणि कमरेभोवती धरा. पुरली तर ठीक. खालूंना साडेब्याऐंशी सेंटिमीटरची अर्धी दोरी पुरायला हवी होती, जवळपास दहा सेंटिमीटर कमी पडली.

टक्क्यांत आकडा हवा असेल तर अमेरिकन नौदलाची पद्धत आहे, १९८४ सालची. पुरुषांची कंबर बेंबीवर मोजायची, त्यातून मानेचा घेर वजा करायचा आणि उंचीसह सूत्रात घालायचा. बायांच्या सूत्रात कुल्ल्यांचा घेरही लागतो, आणि त्यांची कंबर सर्वांत बारीक जागी मोजतात. फोनवरचे कॅल्क्युलेटर बहुधा हेच करतात. खालूंची मान ३७. कंबर ९२ धरली तर चरबी येते साडेचोवीस टक्के. जीन्सचे ८६ धरले तर वीस टक्के. सहा सेंटिमीटरची चूक, चार टक्क्यांचा फरक! शिवाय माप बरोबर घेतलं तरी ही पद्धत एखाद्याच्या बाबतीत ३-४ टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होते. ती अमेरिकन नौसैनिकांच्या अंगावर बेतलेली आहे, आपल्या नाही. म्हणून तो एकटा आकडा घेऊन खूश किंवा दुःखी होऊ नका. तीन महिन्यांनी तेच माप वाढलं की घटलं, ते बघा.

दुसरी पद्धत चिमट्याची, पुण्याच्या बाळांवर वापरली ती. मोठ्या माणसांसाठी डर्निन आणि वोमर्सली यांनी १९७४ साली चार जागा ठरवून दिल्या: दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर. ठरावीक दाबाच्या चिमट्याने कातडीची घडी मोजायची आणि बेरजेवरून चरबी काढायची. हात बसलेला माणूस लागतो, घरी जमत नाही. आणि एक मोठी अडचण: हा चिमटा कातडीखालची चरबी मोजतो. यकृताभोवती, आतड्यांभोवती साचलेली चरबी त्याच्या हाती लागत नाही, आणि साखरेच्या दृष्टीने वाईट तीच. तिचा अंदाज साधी टेप जास्त चांगला देते.

जिममध्ये किंवा बाजारात मोफत तपासणीच्या टेबलावर उभं करतात ती मशीन शरीरातून बारीकसा करंट सोडते. पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडखळतो. म्हणजे मशीन मोजते पाणी आणि सांगते चरबी. रोज्यात असरच्या वेळी तिच्यावर उभे राहिलात तर अंगातलं पाणी कमी असल्याने चरबी वाढलेली दिसू शकते. पहिल्या आठ-दहा रोज्यांत वजन दोन किलो उतरलं म्हणून सांगणारे खूप भेटतात. त्यात बराच भाग पाण्याचा असतो, ईदच्या शीरखुर्म्याबरोबर तो परत येतो. पेसमेकर बसवलेल्यांनी या मशीनवर उभं राहू नये. आणि मोफत तपासणीनंतर लगेच पावडरचा डबा पुढे येत असेल, तर मशीन कशासाठी मांडली होती ते समजून घ्या.

आमच्या घरात बायांनी एकमेकींची मापं दार लावून घेतली. परक्या माणसासमोर पोट मोजून घ्यायचा संकोच असतो, त्यापायी कितीजणी तपासणीलाच जात नाहीत. टेपला तो प्रश्न नाही. खाला जाड दिसतात म्हणून सगळे त्यांनाच बोलायचे, त्यांची साखर व्यवस्थित निघाली. धाकटी भाभी ४८ किलोची, तिची कंबर मात्र ८३ भरली. तिने दुसऱ्याच दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही महिने ही मापं धरू नयेत. मुलांनाही मोठ्यांच्या रेघा लावू नका, त्यांचे तक्ते वयाप्रमाणे वेगळे असतात, ते डॉक्टरांकडे मिळतील.

कंबर रेघेच्या पुढे असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि ब्लड प्रेशर, एवढ्या तपासण्या करून घ्या. वय ३० च्या पुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि प्रेशर बघतात. खालूंची जखम आता भरली आहे. जीन्स अजून ३४ चीच घालतात, पण मास्तरने त्यांच्या वहीत पोटाचं मापही लिहून ठेवलं आहे, गेल्या महिन्यात ते ८९ होतं.